आधी माझा हात

माघातला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण हट्टा, आमच्या थोरल्या जाऊबाईंचं अंगण. हळद शिजवायची मोठी कढई धुऊन भिंतीशी पालथी घातलेली.

हजर: थोरल्या जाऊबाई, घर त्यांचं म्हणून आणि आणखी एका मोठ्या कारणानं, ते पुढे येईल. मोठे दीर, दारात खुर्ची टाकून, अर्धे आत अर्धे बाहेर. उपकेंद्राच्या सिस्टर. बौद्धवाड्यातल्या आजी, पुढच्या सतरंजीवर. मोहल्ल्यातली खाला. गल्लीतल्या बायका, अंगण भरून. संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतून आलेली आमच्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. आणि मी, धाकटी जाऊ, हिंगोलीच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. सतरंज्या, पाणी, चहा आणि माईक माझ्याकडे.

गैरहजर: मॅडम.

ज्यांच्यामुळे हे अंगण भरलं त्याच नव्हत्या. गुडघे गेल्यापासून त्या नागपूरला बहिणीकडे असतात. सकाळीच त्यांचा फोन आला. "मी येत नाही. पायऱ्या उतरले तर चढायला माणसं लागतात. फोन माईकजवळ ठेव. आणि त्या पोरीला सांग, कठीण शब्द वापरलास तर तिकडं येऊन खडू मारीन."

पोरगी आता डॉक्टरेट झालेली आहे. निरोप दिला तर तिनं खरंच मान चुकवली.

मॅडम आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच कॉलेजच्या ऑफिसात लागले, त्यामुळे त्यांना मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. वर्गात त्यांचा धाक होता. ऑफिसात त्यांचा ताप होता. रजेच्या अर्जात कारणाच्या जागी त्या लिहायच्या, "बेडूक पाहायचे आहेत." खोटं कारण लिहा म्हटलं तर म्हणायच्या, "खरं कारण असताना खोटं कशाला शोधू? वेळ जातो."

त्यांच्या विभागाच्या दारात कचऱ्याचा डबा होता. त्यावर सगळीकडे असते तशी 'कचरा' ही पाटी होती. मॅडमनी ती काढून स्वतःच्या अक्षरात दुसरी चिकटवली: 'याचं काम अजून कळलेलं नाही.' शिपाई गोंधळला. प्राचार्य पाहायला आले.

"मॅडम, हे काय?"

"सर, कचरा म्हणायला आधी सगळं माहीत असावं लागतं. मला नाही. तुम्हाला आहे?"

प्राचार्य गणिताचे. ते परत गेले आणि पाटी राहिली.

पाटीमागे एक जुनं भांडण होतं, पुस्तकाशी. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्यातला थोडासाच भाग प्रथिनं कशी बनवायची ते सांगतो. उरलेल्या भल्यामोठ्या भागाला त्या वेळच्या काही पुस्तकांत सरळ कचरा म्हटलेलं होतं. लायब्ररीच्या प्रत्येक प्रतीत मॅडमनी तो शब्द पेन्सिलीनं खोडला होता. लायब्रेरियननं त्यांचं कार्ड काढून घेतलं. मग त्या लायब्ररीत उभ्यानं वाचायला लागल्या, आणि उभ्यानंच खोडायला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुपारी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आल्या. सगळ्यांच्या टेबलावर एकेक पेढा ठेवत गेल्या. शिपायानं विचारलं, "मॅडम, भाची पास झाली काय?"

"नाही रे. कचरा पास झाला."

त्या 'कचऱ्या'तूनसुद्धा पेशी आरएनएच्या चिठ्ठ्या काढते, त्या चिठ्ठ्यांतून प्रथिनं बनत नाहीत, तरी त्यांतल्या कितीतरी महत्त्वाचं काम करतात, हे आता कुणी नाकारू शकत नाही, असं त्या सांगत होत्या. आम्ही पेढा खाल्ला. कळलं कुणालाच नाही. पण त्यांचा चेहरा पाहून अभिनंदन केलं.

परीक्षेत 'माहीत नाही' असं लिहिणाऱ्याला त्या मार्क द्यायच्या. मात्र का माहीत नाही ते पुढे लिहावं लागे. 'वाचलं नाही' याला शून्य. 'वाचलं, पण इथं येऊन अडलं' याला अर्धे. तक्रारी माझ्या टेबलावर यायच्या. मी फाइल करायची. त्या फाइलला मी नाव दिलं होतं 'मॅडम, माहीत नाही'. शिक्षक म्हणून त्यांचा सगळ्यात मोठा आनंद मी पाहिला तो एका पोरानं वर्गात उभं राहून "मॅडम, हे तुम्हाला बी माहीत न्हाई, व्हय ना?" असं विचारलं तेव्हाचा. त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या मूळच्या औंढ्याच्या. घरात देवळातली सेवा. सोवळं कडक. वडिलांचं सोवळ्यातलं धोतर उंच काठीवर वाळत असे आणि त्याला कुणी शिवायचं नाही. लहानपणी त्या रोज शाळेतून आल्या की उडी मारून त्या धोतराला बोट लावायच्या. रोज मार खायच्या. "का लावत होता?" म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"बोट लावल्यावर धोतराचं काय होतं ते पाहत होते. काही होत नव्हतं. मारणाऱ्याचं व्हायचं."

त्याच बाईवर उतारवयात सोवळं पाळल्याचा आरोप झाला. तोही आमच्या हट्ट्यात, आमच्याच घरी, आमच्याच जाऊबाईंच्या तोंडून.

झालं असं. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांची ही विद्यार्थिनी संभाजीनगरला स्तनाच्या कर्करोगावर काम करून राहिली होती. तिचा विषय म्हणजे मॅडमच्या त्याच पेढेवाल्या चिठ्ठ्या. रोग अगदी सुरुवातीला असतो तेव्हा, गाठ बाहेर पसरायच्याही आधी, यांतल्या कोणत्या चिठ्ठ्या वाढतात आणि कोणत्या गप्प होतात? सुरुवातीचे नमुने तिला मिळत नव्हते. आपल्याकडच्या बायका येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

मॅडम मला म्हणाल्या, "उशिरा येणाऱ्यांचीच गोष्ट विज्ञानाला माहीत आहे. लवकर येणारीची गोष्ट हवी असेल तर तिला लवकर आणायला पाहिजे. तुझं सासर हट्टा ना? तू माणसं गोळा करतेस चांगली. चल."

मी त्याच आठवड्यात कामं वाटली. परवानग्यांचे कागद विद्यार्थिनीकडे. तपासणी सिस्टरकडे. जीप, मांडव, चहा माझ्याकडे. बोलणं मॅडमकडे.

माझं स्वतःचं एक कारण होतं, ते मी मॅडमना जाता जाता जीपमध्ये सांगितलं. त्याआधीच्या दिवाळीत थोरल्या जाऊबाईंच्या पोलक्याला डाव्या बाजूला आतून हळदीचा डाग मी पाहिला होता. एकदा नाही, रोज. विचारलं तर म्हणाल्या, "हळदीच्या घरात हळद लागायचीच." पण बाहेरच्या हळदीचा डाग बाहेरून लागतो. म्हणजे जाऊबाई छातीतल्या कसल्याशा गाठीवर लेप लावत होत्या. मी दवाखान्याचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायच्या.

मॅडम ऐकून म्हणाल्या, "हळदीला वसमतच्या बाजारात मान आहे. गाठीपुढं काही नाही."

पहिल्या दिवशी बायका आल्या, बऱ्याच आल्या. मॅडमनी बोलायला सुरुवात केली ती थेट लग्नाच्या पंगतीपासून.

"पंगतीत स्वयंपाक कोण करतं? आचारी. वाढतं कोण? पोरं. आणि कोठीच्या दारात एक बाई कंबरेला किल्ल्या लावून उभी असते. ती रांधत नाही, वाढत नाही. मग ती काय करते?"

"बोंबलती," मोठे दीर दारातून म्हणाले. सगळ्या हसल्या. आमच्या घरच्या लग्नात कोठीच्या दारात जाऊबाईच असतात.

"बरोबर. ती म्हणते, भात थांबवा, वरण आणा, बुंदी पुरे. ती नसली तर?"

"आचारी रांधतच बसंल," जाऊबाई तोऱ्यात म्हणाल्या. "सगळी नासाडी. आमच्या नणंदेच्या लग्नात मी जरा आडवी झाले, तर बुंदीचे ढीग लागले व्हते."

"झालं, तुम्हाला कळलं. मला कळायला निम्मं आयुष्य गेलं. आपल्या अंगातल्या पेशीतसुद्धा अशा बायका आहेत. स्वतः काही रांधत नाहीत म्हणून त्यांना लोक बिनकामाच्या समजले. त्यांतली एखादी 'पुरे' म्हणायची थांबली, किंवा 'आणखी आणा' म्हणणारी एखादी जास्त ओरडायला लागली, की पेशी वाढतच राहतात. गाठ हाताला लागते ती नंतर. हे आम्हाला गाठीच्या आधी ऐकायचं आहे."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगायला आयोजकाला जड जाते. "या संशोधनातून तुमचा निकाल लागणार नाही. तुम्हाला काय आहे, काय नाही, ते सिस्टर, सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील. तुमचा नमुना तुमच्या नातींच्या कामाचा. पटलं तर द्या, नाही तर फक्त तपासून घ्या."

सगळं छान चाललं होतं. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्याशेजारी स्टँडवर मांडलेल्या होत्या. जाऊबाईंना वाटलं, टेबल डगमगतंय. मदत म्हणून त्यांनी स्टँडला हात घातला.

"हात लावू नका! मागं व्हा!"

मॅडम वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या. नुसत्या ओरडल्या नाहीत. हातमोजे घातलेल्या हातांनी स्टँड उचलला आणि जिथं जाऊबाईंची बोटं लागली होती ती जागा बाटलीतल्या औषधानं दोनदा पुसली.



जाऊबाईंनी पदर खोचला. "चला गं. बाईला आपला विटाळ होऊन राहिला. औंढ्याचं सोवळं हाय ते."

आणि बायका उठल्या. एकेक करून, भांडण न करता, जे भांडणापेक्षा वाईट. मागून फक्त बौद्धवाड्यातल्या आजींचा आवाज आला. हसत बोलल्या, पण बोलल्या. "का गं पाटलीणबाई, आज कळलं का तुला, कसं लागतंय ते?"

जाऊबाईंनी ऐकलं नाही असं केलं. त्यांच्या घरी आजींना चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि आजींनाही.

परतीच्या जीपमध्ये औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ज्या धोतरासाठी मी मार खाल्ला ते आज माझ्याच अंगावर आलं."

मी म्हटलं, "मी समजावते जाऊबाईंना. तुम्ही माफी मागा, मी..."

"माफी मागीनच. पण माफीनं त्यांना कळणार काय? की बाई चांगली आहे. मला चांगलं ठरायचं नाही. मला त्यांची गाठ तपासायची आहे." मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या. "हाताचीच गोष्ट आहे. हातच दाखवू."

आरएनए फार नाजूक असतं. माणसाच्या कातडीवर, घामात असं काही असतं की ते आरएनएचे तुकडे करतं. म्हणून नमुन्याला उघडा हात लावायचा नाही, एवढा साधा नियम. मॅडमनी विद्यार्थिनीकडे स्वतःचं रक्त पाठवलं. त्यातून शुद्ध आरएनए काढून दोन नळ्या भरायला लावल्या. मग स्वतः संभाजीनगरला गेल्या, आंघोळ करून, हात साबणानं धुऊन. पाण्याच्या थेंबात बोट बुडवलं आणि तो थेंब एका नळीत टाकायला लावला. दुसरीत साधा स्वच्छ थेंब. दोन्हींची तपासणी करून फोटो काढला; त्यात शाबूत आरएनएचे पट्टे उमटतात, तुटलेल्याचे नाहीत. फोटो टेबलाएवढा छापून घेतला. जीप सांगायचं काम पुन्हा माझ्याकडे.

हट्ट्यात आम्हाला कुणी या म्हटलं नाही. मॅडम सरळ जाऊबाईंच्या अंगणात गेल्या आणि तो फोटो पालथ्या कढईला टेकवून उभा केला. हळद निवडणाऱ्या बायका मान वर न करता पाहत होत्या.

"या बाजूला दोन ठळक पट्टे दिसतात? हे माझं रक्त, नीट ठेवलेलं. आणि या बाजूला?"

"काय बी न्हाई," खाला म्हणाली. "धुरावानी हाय."

"हेही माझंच रक्त. यात माझं बोट लागलं. देवळात सेवा करणाऱ्या घरातलं, दोन वेळा आंघोळ केलेलं बोट. त्यानं सगळ्याचं वाटोळं केलं."

जाऊबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजी विटाळ तुमचाच?"

"माझाच. आधी माझा. मी हातमोजे घालते ते तुमच्यापासून मला वाचवायला नाही, माझ्यापासून नळीला वाचवायला. त्या दिवशी हे आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, ओरडले. चुकलं."

मला वाटलं, झालं. पण जाऊबाई म्हणजे कोठीच्या दारातली बाई. फुकट काही सोडत नाहीत.

"तुमचं बोट तुमी दावलं. ते कशावरून? आमचं बोट लावून दावा. आमचं जास्त नासवतं का तुमचं, ते आमाला बी बघू द्या."

मॅडमचा चेहरा त्या पेढ्यांच्या दुपारसारखा उजळला. वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या तशा त्यांनी इथंही वाजवल्या. "घ्या! असा प्रश्न मला एम.एस्सी.च्या वर्गात मिळाला नाही. करू. पण एक अट. बोट फक्त तिचं घेणार, जिला सिस्टरनी आधी आत नेऊन तपासलंय."

"ही लबाडी हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"आहेच."

पुढच्या खेपेला जे झालं त्याला शिबिर म्हणता येणार नाही. ती जत्रा होती. सगळ्यांना आपल्या बोटाचा निकाल पाहिजे होता. खाला म्हणाली, "हमारे मोहल्ले का हात सबसे साफ है, लिख लो." बौद्धवाड्यातल्या आजी सगळ्यांत आधी सिस्टरकडे जाऊन तपासून आल्या आणि बाहेर येऊन बोट उंच धरून बसल्या. मोठे दीर म्हणाले, "माझं बी घ्या." सिस्टर म्हणाल्या, "तुमाला आत काय तपासू?" अंगण हसून लोळलं. तरी मॅडमनी त्यांचं बोट घेतलं. विज्ञानात भेदभाव नको म्हणाल्या.

जाऊबाई ओट्याच्या कडेला बसून राहिल्या. बोट पाहिजे होतं, आत जायचं नव्हतं. एकेकीचा थेंब नळीत पडत होता. आजी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "काहून बसून राहिली गं? तुझं बोट लई शुद्ध हाय म्हणून भ्या वाटून राहिलं का?"

बास. जाऊबाई उठल्या आणि खोलीत गेल्या. दार लागलं. मी सतरंजीची घडी उघडून पुन्हा घातली. मॅडम दुसरीकडे बोलत होत्या, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. गाठ होती. पुढची तपासणी पाहिजे होती.

जाऊबाई मागून आल्या, चेहरा सपाट. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता माझं बोट घ्या."

मॅडमनी त्यांचं बोट स्वतः थेंबात धरलं, मग म्हणाल्या, "आता दुसरं. हातमोजा घालून. हा मान फक्त तुमचा."

त्याच आठवड्यात नांदेडला मॅमोग्राफी, मग सुईनं काढलेला तुकडा, मग निकाल. कर्करोग होता. पण दुधाच्या नळीच्या आतच होता, भिंत ओलांडून बाहेर पडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." जाऊबाईंनी त्यांना ऐकवलं, "मी कुठं आले? मला बोटासाठी फसवून आणलं."

ऑपरेशनच्या दिवशी विद्यार्थिनी बर्फाचा डबा घेऊन दाराबाहेर उभी होती. गाठीचा नमुना द्यायची सही जाऊबाईंनी स्वतः, समजून केली होती. आत नेताना त्यांनी सर्जनला दरडावलं, "डॉक्टरसाहेब, हातमोजे घातले का? नमुन्यात घाम पडू देऊ नका, समदं वाटोळं व्हतं." सर्जन म्हणाले, अशी पेशंट मला पहिल्यांदाच भेटतेय. पुढे किरणांचे शेक झाले, त्याची तकलीफ झाली, तीही गेली. आज जाऊबाई ठणठणीत आहेत. परवाच त्यांनी हळदीच्या पोत्यावरून दिरांशी भांडण जिंकलं.

बोटांचा फोटो आला तेव्हा सगळं गाव पाहायला आलं. एका ओळीत रकाने होते, प्रत्येकाखाली नाव. मॅडम, खाला, सिस्टर, मोठे दीर, बौद्धवाड्यातल्या आजी, जाऊबाई, मी. सगळ्यांच्या रकान्यांत तोच धूर. कुणाचा जास्त नाही, कुणाचा कमी नाही. शेवटी दोन रकाने लखलखीत: एकाला कुणीच हात लावला नव्हता, दुसरा हातमोजा घातलेल्या जाऊबाईंचा.

आजींनी फोटोवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बराबर झालं."

जाऊबाईंनी तो फोटो देवघराच्या शेजारी लावला. देवघरात नको म्हणाल्या, शेजारी. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा दिला. आजींनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "कप बदलला व्हय गं?"

"पी गप. निवून राहिला," जाऊबाई म्हणाल्या.

गोठ्यातला कोनाडा तेव्हापासून रिकामा आहे. मी बघून आले.

मॅडमचा एक नियम होता: नमुना नेला की माणूस विसरायचं नाही. काय झालं ते सांगायला परत यायचं. म्हणून या रविवारी ही विद्यार्थिनी आली. फोन माईकजवळ ठेवला.

तिनं सांगितलं, हट्ट्याहून गेलेले नमुने शाबूत पोचले, इतके चांगले की प्रयोगशाळेतल्या लोकांनी विचारलं, हे गोळा कुणी केले. जाऊबाईंच्या नमुन्यात 'पुरे' म्हणणाऱ्या काही चिठ्ठ्या गप्प झालेल्या दिसल्या, रोग भिंतीच्या आत असतानाच. एकीच्या नमुन्यावरून काही ठरत नाही, अजून पुष्कळ बायकांचं पाहायचं आहे, आणि यातून दवाखान्यात वापरायची तपासणी व्हायला वर्षं लागतील, झालीच तर. पण सुरुवातीची गोष्ट आता थोडी ऐकू यायला लागली आहे.

"तुला अजून काय माहीत नाही, ते सांग," फोनमधून मॅडमचा आवाज आला.

विद्यार्थिनीनं सांगितलं. या चिठ्ठ्या गप्प होतात म्हणून रोग होतो, की रोग सुरू होतो म्हणून त्या गप्प होतात, ते माहीत नाही. सगळ्या बायकांत तसंच होतं का, ते माहीत नाही. बोलायला वेळ लागला, कारण माहीत नसलेलं बरंच होतं.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण मार्क."

अंगणानं टाळ्या वाजवल्या. बायकांनी जाऊबाईंना उभं केलं. त्या म्हणाल्या, "मला काय उभं करता, मी काय रांधलंय?" आणि आजी म्हणाल्या, "तू फक्त बोंबलली माय. तेच लागत व्हतं." दीर दारातून खुर्चीसकट आत आले.

टाळ्या थांबल्यावर फोनमधून विचारणा झाली. मला माहीत होतं होणार. दर रविवारच्या फोनवर होते.

"पुसेगावचं काय झालं?"

पुसेगाव हे जाऊबाईंचं माहेर. तिथंच दिलेली त्यांची सख्खी धाकटी बहीण आहे. सिस्टरनी तिला निरोप दिला होता: बहिणीला झालंय, म्हणून तुम्ही तर तपासून घ्यायलाच पाहिजे. तिनं उलटा निरोप पाठवला: ज्याला शोधायचंय त्याला सापडतं, मला शोधायचं न्हाई.

"न्हाई म्हणून राहिली, मॅडम," जाऊबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "माझीच भैन हाय."

"मग काय करायचं?"

"तिला फसवून आणता येत न्हाई. मी तिला लहानपणी लई फसवलंय, ती वळखते." जाऊबाईंनी थोडा विचार केला. "तुमी जसं केलं तसं करते. आधी माझं दावते. व्रण दावते. मंग तिनं न्हाई म्हणावं."

मॅडम म्हणाल्या, "मला यायला पाहिजे होतं तिथं," आणि फोन ठेवला.

सतरंज्या झटकून घड्या झाल्या. माईक परत गेला. कप धुऊन झाले, सगळे एकाच फळीवर. विद्यार्थिनीला संभाजीनगरच्या गाडीत बसवलं. आजच्या सगळ्या कामांवर खूण झाली.

एक उरलं. मंगळवारी सकाळी जाऊबाई आणि मी, हट्ट्याहून औंढा, औंढ्याहून हिंगोली, तिथून पुसेगाव. फोटो गुंडाळून पिशवीत ठेवला आहे. सिस्टरना कळवलं आहे. बहिणीला कळवलेलं नाही.